चौकडीतला खालचा आवाज

आमच्या चष्म्याच्या दुकानात पुढच्या खोलीत मी डोळे तपासायचो आणि मागच्या खोलीत ताई काचा घासायची. मधे लाकडी पार्टिशन होतं आणि त्याला हातभर खिडकी. मी कागदावर नंबर लिहून खिडकीतून आत सरकवायचो. ती काच घासून, फ्रेमला बसवून, फडक्यात गुंडाळून बाहेर सरकवायची. अशी अठरा वर्षं गेली. मी डॉक्टर नव्हतो, पण ती मला डॉक्टरच म्हणायची. तिला मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे ताई म्हणायचे. खरं तर तो हक्क एकीचाच होता, तिच्या धाकट्या बहिणीचा. त्या बहिणीला मग आम्ही सगळे धाकटी म्हणायला लागलो.

ताईचा आवाज बायकी नव्हता. खोल, जरा खरखरीत, विहिरीतून आल्यासारखा. शाळेत गाण्याच्या बाईंनी तिला मागच्या रांगेत उभं करून सांगितलं होतं की तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव. ती चार वर्षं ओठ हलवत राहिली. आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि धाकटी तीन. वडील बसडेपोत मेकॅनिक. सकाळी निघायचे ते दिवेलागणीला यायचे, आल्यावरही बोलायचे कमी. धाकटीला न्हाऊ घालण्यापासून तिच्या पाढ्यांपर्यंत सगळं ताईच्या गळ्यात पडलं. धाकटी गळ्याची गोड होती. ती गायला लागली की ताई तिच्या सुराखाली आपला सूर धरायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "लहान पोर कठड्यावरून चालायला लागलं की आपण खालून त्याचा हात धरून चालतो ना, तसं."

धाकटी बावीस वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात आणखी दोघी येऊन मिळाल्या. एक शेजारची नर्सबाई. तिचा आवाज वरच्या पट्टीत कुठवर जाईल याला धरबंध नव्हता. दुसरी कोर्टात टायपिस्ट होती, ताडमाड उंच, म्हणून तिला सगळे लंबू म्हणायचे. चौघी संध्याकाळी ताईच्या घरी जमायच्या. वडील कामावरून आले की दारातूनच पुटपुटायचे, "बसली वाटतं चौकडी." तेच नाव पडलं. पुढे पत्रकावरही छापलं गेलं.

चौकडीचं गाणं साधं होतं. वाद्यं जवळजवळ नाहीत, एखादी पेटी नाहीतर कीबोर्ड. चार आवाज एकमेकांवर रचलेले. ताईनं चौघींचे गडद निळे, लांब बाह्यांचे, पांढऱ्या कॉलरचे झगे स्वतः शिवले होते. त्या अर्धगोलात उभ्या राहायच्या, मधे एक माइक, हातपाय हलवायचे नाहीत. ताईचा चष्मा वजा नऊचा, काचा बाटलीच्या बुडासारख्या. स्टेजवर आल्या की वाटायचं, या बायका ऑफिसातली फायलींची कामं आटोपून थेट इकडे आल्यात. लोकांना तेच आवडायचं. आपल्याच घरातली वहिनी, मावशी उभी राहून गातेय असं वाटायचं. रेडिओवर त्यांचा दर आठवड्याला कार्यक्रम व्हायचा. कारखान्यांच्या संमेलनांत, कॉलेजात, दवाखान्यात बोलावणी यायची. एक खिडकीचं गाणं होतं. त्यात तिघी थांबायच्या आणि ताई एकटीच खाली चार ओळी गायची. त्या चार ओळींना हॉलमध्ये कोणी खोकतसुद्धा नसे. मी हे पुष्कळदा पाहिलंय. शेजारी बसलेला माणूस डोळे मिटून घ्यायचा, आणि मला उगाचच अभिमान वाटायचा. जसं काही तो आवाज आमच्या दुकानातच तयार होत होता.

सात वर्षं असं चाललं. मग नर्सबाईच्या नवऱ्याची बदली झाली आणि नर्सबाई गेली. जाताना ती ताईच्या गळ्यात पडून रडली. ताई रडली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर आली आणि एकच काच दोनदा घासून वाया घालवली. तिच्या हातून काच वाया गेलेली मी तोवर पाहिली नव्हती.

नर्सबाईच्या जागी एकवीस वर्षांची एक मुलगी आली. ही नवी वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. नाचाच्या क्लासात शिकलेली, आवाज बारीक पण स्वच्छ, आणि स्वभावाने लाघवी. ताईला ती पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायला लागली. पहिल्याच कार्यक्रमात गाता गाता तिचे खांदे हलले, मग पाऊल हललं, मग ती जागच्या जागी गिरकी घेऊन परत माइकशी आली. चौकडीच्या कार्यक्रमात त्या दिवशी पहिल्यांदा शिट्टी वाजली. बाकीच्या तिघी खांबासारख्या उभ्या होत्या.

त्यांचा मॅनेजर आधी एका हॉलच्या बुकिंगच्या खिडकीवर बसायचा. माणूस हुशार. दुसऱ्याच दिवशी त्यानं सांगितलं की एक तर हिला बांधून ठेवा, नाहीतर तुम्ही तिघी हला. धाकटी हसली आणि म्हणाली, बघू या तरी हलून.

महिन्याभरात निळे झगे गेले. लाल, चमकदार, बिनबाह्यांचे कपडे आले. ताईनं ते शिवायला घेतले नाहीत, बाहेरून आले. फोटोग्राफर आला आणि म्हणाला की चष्म्यावर दिवा चमकतोय, फोटोपुरता काढा. ताईनं काढला. फोटो पोस्टरवर छापून आला, तिच्या बसस्टॉपवरच लागला. पुढे नवी, तिच्या खांद्याला टेकून धाकटी, कमरेवर हात ठेवून लंबू, आणि मागे लंबूच्या दंडाआड ताईचा अर्धा चेहरा. डोळे बारीक केलेले, कोणी हाक मारतंय पण कोण ते कळत नाही असे. ती दहा दिवस रोज त्या पोस्टरखाली उभी राहून बसची वाट बघायची. कोणी तिला ओळखलं नाही. हे तिनंच मला हसत सांगितलं.

मग मॅनेजर म्हणाला की फोटोत चष्मा नाही तर स्टेजवरही नको, लोक गोंधळतात.

वजा नऊ नंबर म्हणजे काय, ते ज्याला नाही त्याला कळायचं नाही. वीतभरापलीकडे सगळं जग म्हणजे ओल्या कागदावर सांडलेले रंग. आणि चौकडीचं एक गुपित होतं. चौघी एकदम सुरू कशा होतात, याचं लोकांना नवल वाटायचं. धाकटीचा डावा खांदा गाण्याआधी किंचित वर जायचा. तो वर गेला की ताई श्वास घ्यायची आणि ताईच्या श्वासावर बाकीच्या दोघी. चष्मा गेला तसा तो खांदा गेला.

ताई माझ्याकडे आली. म्हणाली, "डॉक्टर, डोळ्यात घालायच्या लेन्स बसवून बघ." मी तीन प्रकारच्या बसवून पाहिल्या. तिचे डोळे कोरडे, लेन्स घातली की दहा मिनिटांत लालभडक व्हायचे आणि पाणी वाहायला लागायचं. स्टेजच्या दिव्यांखाली तर पाचही मिनिटं निघाली नसती. दोन आठवडे आम्ही दुपारच्या सुट्टीत हा खटाटोप केला. शेवटी ती म्हणाली, "राहू दे. तू काही कमी केलं नाहीस."

मी म्हटलं, "ताई, चष्मा लावूनच उभी राहा. काय करणार आहे तो मॅनेजर?"

"तो काही करणार नाही रे. धाकटी हिरमुसेल."

एका मोठ्या कंपनीच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम होता. दोन हजार माणसं. मीही गेलो होतो. तिसऱ्या गाण्यात चौघींनी पाठ फिरवायची आणि चार मोजून एकदम पुढे वळायचं असं बसवलेलं होतं. तिघी वळल्या. ताई एकदा वळायच्या ऐवजी दोनदा वळली, आणि पडद्याकडे तोंड करून गायला लागली. अर्धं कडवं तिनं मागच्या काळ्या पडद्याला गाऊन दाखवलं. लोक हसायला लागले. हसू आपल्या पाठीमागून येतंय हे लक्षात आल्यावर तिला कळलं. ती वळली, हातानं चाचपडत एक पाऊल पुढे आली, तिचा हात नवीच्या तोंडावर बसला, आणि हॉल हशानं दणाणला. लोकांना वाटलं, हे ठरवून केलंय. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत एवढंच मला माझ्या बाजूनं सांगता येईल.

इथपर्यंतही ठीक होतं. चूक झाली, विसरून गेलो असतो. पण मॅनेजरनं दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं की लोकांना तेच सगळ्यात जास्त आवडलं, ते ठेवू या.

आणि ते ठेवलं. मॅनेजरनं कुठल्याशा नाटकाच्या सामानातून एक भलीमोठी काळी फ्रेम आणली, बिनकाचेची. ताईला म्हणाला, तुम्हाला चष्मा हवा होता ना, घ्या. ताई ती फ्रेम दुकानात घेऊन आली. खिडकीतून मला दाखवली. सवयीनं तिनं फडकं घेतलं आणि पुसायला गेली, तर बोट आरपार गेलं. ती क्षणभर त्या बोटाकडे बघत राहिली, मग फ्रेम पिशवीत टाकून मशीन सुरू केलं.

त्यानंतर चौकडी म्हणजे तीन देखण्या आणि एक वेंधळी असं समीकरण होऊन बसलं. वर्तमानपत्रात कोणीतरी लिहिलं, तीन फुलं आणि एक भोपळा. टीव्हीवर बोलावणं आलं, मग पुन्हा आलं. हॉल भरायला लागले, तरुण पोरं यायला लागली. हे सगळं खोटं नव्हतं. चौकडीचं इतकं नाव आधी कधीच झालं नव्हतं. ताई ती फ्रेम लावून चुकीच्या बाजूला वळायची, माइकऐवजी लंबूच्या कोपरात गायची. खिडकीचं गाणं मात्र तिनं काढू दिलं नाही. पण त्यातही तिच्या चार ओळी आल्या की लोक हसायचे. ती काही विनोद करत नव्हती. नुसता आवाज निघाला की हसायचे. आठ-दहा महिन्यांपूर्वी ज्या आवाजाला लोक डोळे मिटायचे, तोच आवाज, तीच पट्टी, तेच शब्द. ताईनं एक दिवस मला विचारलं, "मी वेगळं काही करते का रे आता?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मलाही तसंच वाटलं."

दुकानातही लोक ओळखायला लागले. एक बाई नवऱ्याचा चष्मा न्यायला आली होती. तिनं खिडकीतून आत बघितलं आणि विचारलं, तुम्ही त्या विनोदी बाई ना, जरा तसं बोलून दाखवा की. ताईनं चष्मा फडक्यात गुंडाळून दिला आणि म्हणाली, "डावी काच जपा, ती जाड आहे." बाई खो खो हसली. तिला हवं ते मिळालं होतं.

दोन वर्षं ताईनं हे केलं. मग एका रविवारी दुपारी धाकटी इस्त्री करत बसली होती, तेव्हा ताई तिला म्हणाली की मी आता येणार नाही. धाकटीनं विचारलं, किती दिवस? ताई म्हणाली, येणारच नाही.

धाकटी काय बोलली ते ताईनं मला सोमवारी जसंच्या तसं सांगितलं. आवाज चढवला नाही, डोळ्यात पाणी नाही, नंबर वाचून दाखवावा तसं सांगितलं. धाकटीनं इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाली, "ताई, लोक तुला हसतात ते मला दिसतं. मी आंधळी नाही. पण आपण निळे झगे घालून उभ्या राहायचो तेव्हा सगळे डोळे मिटून ऐकायचे. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. आता मला लोक बघतात. एकतीस वर्षांची झाले, पहिल्यांदा कोणीतरी बघतंय."

ताईनं विचारलं, "मग खालचा सूर?"

"तो टेप करून ठेव ना. तेवढं करशील?"

तेवढं तिनं केलं. एका दुपारी स्टुडिओत जाऊन अकरा गाण्यांचा खालचा सूर एकटीनं गाऊन दिला. या खेपेला स्वतःचा चष्मा लावून. तिथला रेकॉर्डिंगवाला माझं गिऱ्हाईक होता. तो सांगत होता की बाई एकदम पक्क्या सुराच्या, एकही गाणं परत घ्यावं लागलं नाही. फक्त प्रत्येक गाणं सुरू करायच्या आधी त्या डावीकडे वळून बघायच्या. तिथे भिंत होती.

पुढे एकदा ताई तिकीट काढून त्यांच्या कार्यक्रमाला गेली, मागच्या रांगेत बसली. स्टेजवर तिघी, आणि खाली तिचा आवाज, यंत्रातून. आता कोणी हसलं नाही. शेजारच्या बाईनं आपल्या मुलीला विचारलं, हे खाली कोण गातंय गं? मुलगी म्हणाली, कोणी नाही, मशीन आहे ते. हे सांगताना ताई म्हणाली, "मी टाळ्या वाजवल्या हो सगळ्यांबरोबर." त्यानंतर ती दुकानात कामापुरतं बोलायला लागली. आधी वाटलं, रागावली असेल, निवळेल. पण ते निवळलं नाही. फोन वाजला तर ती उचलेनाशी झाली. मालकानं विचारलं तर म्हणायची, घसा धरलाय.

चौकडी त्यानंतर दोनच वर्षं चालली. नवीला बाहेरगावी एकटीनं गायची संधी आली आणि ती गेली. जाण्याआधी ती दुकानात ताईचा निरोप घ्यायला आली. म्हणाली, "मावशी, मी आले आणि तुमचं सगळं बिघडलं." ताईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "तू नुसती आलीस गं. बाकीचं आम्ही केलं." लंबूनं गाणं सोडलं. धाकटी एका शाळेत मुलांना गाणं शिकवायला लागली. नाव झालं होतं, ते वर्षभरात ओसरलं. लोकांना दुसरं काहीतरी मिळालं.

सहा वर्षांनी टीव्हीवाल्यांचं पत्र आलं. जुन्या गाण्यांचा कार्यक्रम आहे, मूळ चौकडी हवी. धाकटीला आनंदानं काय करू नि काय नको झालं. तिनं नर्सबाईला शोधून काढलं, लंबूला पटवलं आणि ताईच्या मागे लागली. ताई पंधरा दिवस नाही म्हणत होती. मग एके दिवशी मला म्हणाली, "डॉक्टर, चष्मा लावून उभी राहिले तर चालेल म्हणतेय धाकटी." तिनं नवं निळं कापड आणलं. रोज जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत बसून कॉलरी शिवायची. मला ते दिवस आठवतात, कारण त्या दिवसांत ती फोन उचलायची.

चार झगे शिवून झाले तेव्हा टीव्हीच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. तिनं धाकटीला विचारलं की त्या चष्मेवाल्या बाई त्यांची ती मोठी फ्रेम घेऊन येतील ना? का आम्ही इथे व्यवस्था करू? धाकटीनं समजावलं की आम्हाला जुन्या पद्धतीनं गायचंय, निळ्या झग्यांत, उभं राहून. ती मुलगी गोंधळली. म्हणाली, निळे झगे कुठले? आमच्याकडे तर असं काहीच नाही. आणि ते खरंच होतं. पहिली सात वर्षं चौकडी रेडिओवर होती आणि कार्यक्रमांत होती, त्यांचं चित्रीकरण कोणी केलं नव्हतं. सगळी चित्रं नंतरची. लोकांच्या लेखी चौकडी म्हणजे ती फ्रेमवाली चौकडी, आधीचं काही घडलंच नव्हतं.

ताईनं नकार दिला. या वेळी धाकटीनं समजूत घातली नाही, वादही घातला नाही. मला वाटलं होतं की तीही जाणार नाही. ती गेली. नर्सबाई आणि लंबूही गेल्या. नर्सबाई इतक्या लांबून आली होती, तिला परत कसं पाठवायचं, असं काहीसं धाकटी म्हणाल्याचं कानावर आलं.

कार्यक्रम दुपारी दाखवला. दुकानात गिऱ्हाइकांसाठी भिंतीवर टीव्ही होता. ताईच्या जागी त्यांनी एका विनोदी नटीला उभं केलं होतं. पोटाला उशी बांधलेली, डोळ्यांवर ती बिनकाचेची फ्रेम. खिडकीचं गाणं लागलं. तिघी थांबल्या आणि त्या नटीनं चार ओळी म्हटल्या, घसा ओढून, बेडकासारख्या. लोक पोट धरून हसले. धाकटी तिच्या शेजारी उभी होती. तीही हसत होती, स्टेजवर हसावं लागतं तसं. दुकानातली दोन गिऱ्हाइकंही हसली. मी टीव्ही बंद करायला उठलो तेव्हा पाहिलं, ताई पार्टिशनच्या दारात हात पुसत उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"राहू दे," ती म्हणाली. "संपू दे गाणं."

गाणं संपलं. ती आत गेली. थोड्या वेळानं मशीन सुरू झालं, आणि त्या दिवसाचे सगळे चष्मे वेळेवर खिडकीतून बाहेर आले. एकाही काचेत खोट नव्हती. मी प्रत्येक काच उजेडात धरून पाहिली.

पुढच्या वर्षी तिच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. एवढ्या मोठ्या नंबरात तसं होतं. मी तिला सांगून ठेवलं होतं की डोळ्यापुढे काजवे चमकल्यासारखं झालं तर तासाभराच्या आत यायचं. तिला आठवडाभर काजवे दिसत होते, आणि ती पार्टिशनच्या पलीकडे, माझ्यापासून चार हातांवर बसून काम करत होती. मी नंतर रागावलो, इतकी वर्षं कधी रागावलो नव्हतो तसा. ती म्हणाली, "लक्षात नाही आलं रे." लक्षात आलं नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. मोठ्या दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. त्या डोळ्यानं आता तिला उजेड-अंधार एवढंच कळतं. दुसरा डोळाही थकलाय. काचा घासायचं काम सुटलं.

मी महिन्यातून एकदा तिच्याकडे जातो. धाकटी आता तिच्याबरोबरच राहते. तिनं लग्न केलं नाही, शाळेतून आली की ताईच्या डोळ्यात थेंब घालते. दोघी भांडत नाहीत, चांगल्या राहतात, एकमेकींचं सगळं करतात. धाकटी शाळेतल्या मुलांच्या गमती सांगते, ताई ऐकते. धाकटी घरात गुणगुणतसुद्धा नाही. मागच्या खेपेला धाकटी पाव-दूध आणायला गेली होती तेव्हा मी धीर करून ताईला विचारलं की एकटी असतेस तेव्हा तरी गातेस का.

ती म्हणाली, "खालचा सूर एकट्यानं गायचा नसतो रे, डॉक्टर. तो ऐकायला कसा लागतो माहितीय? नुसतं कण्हल्यासारखा."

तेवढ्यात धाकटी पाव आणि दूध घेऊन आली, तिनं चहा टाकला. आम्ही तिघांनी चहा घेतला, वाढत्या उन्हाबद्दल बोललो. मग थेंबांची वेळ झाली आणि मी निघालो.